बेगमचा कोंडा

कुरुंद्यात मला खोली मिळाली ती एका घोडीच्या पसंतीनं.

जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा गावात माझं कुणी ओळखीचं नव्हतं. दवाखान्यातल्या शिपायानं सांगितलं, गिरणीवाल्या आत्यांकडं मागं एक खोली रिकामी आहे, पण त्यांचं काही सांगता येत नाही. मी गेले. आत्या गिरणीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. ठेंगण्या, लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या सगळं पिठानं पांढरं, त्यामुळं त्यांचं वय कुणाला सांगता आलं नसतं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नुसत्या "या" म्हणाल्या आणि गिरणीच्या मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथं लिंबाखाली एक तांबडी घोडी उभी होती.

"उभ्या राहा तिच्याम्होरं."

मी उभी राहिले. घोडीनं माझा खांदा हुंगला, मग ओढणीचं टोक तोंडात घेऊन सावकाश चघळायला लागली.

"ठीक हाये. राहा," आत्या म्हणाल्या. "तुमच्या आधी एक बँकवाला आलता खोली बघायला. त्याला तिनं पाठ दाखवली."

घोडीचं नाव बेगम. आत्यांनी ती माळेगावच्या जत्रेत हैदराबादकडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती आणि तेव्हापासून तिच्याशी त्या फक्त दखनीत बोलत. एरवी आत्यांचं बोलणं अस्सल कुरुंद्याचं, पण अंगणात पाऊल पडलं की, "क्या हो रा तेरेकु? उधर नक्को जा, धूप है." मी एकदा विचारलं, आत्या, मराठीत का नाही बोलत?

"तिला मराठी कुठून येणार? लहानपणापासून तिनं तेच ऐकलं. आता ह्या वयात जनावरानं शिकायचं का आपुन?"



त्या गावच्याच लेक होत्या. लग्न होऊन कनेरगाव नाक्याकडं गेल्या, नवरा लवकर गेला, तेव्हा भावानं परत आणलं आणि बंद पडलेली ही गिरणी त्यांच्या हवाली केली. पट्टा तुटला तर जोडायला, दगड घासले तर छिन्नीनं टाकी लावायला त्या स्वतः शिकल्या. भावाची पोरं आत्या म्हणायची, म्हणून सगळं गाव आत्या म्हणायला लागलं. त्यांच्यापेक्षा वयानं मोठे म्हातारेसुद्धा.

दळण टाकताना त्या गिऱ्हाइकाला पीठ बारीक हवं की जाड हे कधीच विचारत नसत. कपाळाकडं बघत. एखादा माणूस चिडून आलेला दिसला की त्याचा डबा रांगेत शेवटी ठेवत. "रागातल्या माणसाच्या पिठाची भाकर फाटती," म्हणत. खरं खोटं देवाला ठाऊक. पण थांबता थांबता माणूस शांत व्हायचा, हे मी स्वतः पाहिलंय. खाली पडणारं पीठ दोन बोटांत चोळून त्या घरातली हकीकत सांगायच्या. "ह्यांच्याकडं पाव्हणे येऊन राहिले. गहू नवा काढलाय." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आणि वरातीचं. आजूबाजूच्या गावांत नवरदेवाला बेगम हवी असायची, कारण ती देखणी होती आणि फटाक्यांना बिचकत नव्हती. पण आत्यांची अट एकच: नवरदेवानं आधी गिरणीत यायचं आणि धान्याच्या काट्यावर उभं राहायचं. काटा त्यांच्या मनात ठरलेल्या खुणेच्या पुढं गेला की नाही म्हणायच्या. एकदा असाच एक धष्टपुष्ट मुलगा आला होता. बरोबर मामा, मेव्हणे, सगळे. आत्यांनी काटा बघितला आणि त्याला म्हणाल्या, "लेकरा, लग्न करून घे खुशाल, पण पायी जा." मामा तापला. आत्यांनी त्याचाही डबा रांगेत शेवटी ठेवावा तसं त्याला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमी बसता का हिच्यावर? तुमी काट्यात बसता." मामा बारीक होता. ती वरात मी पाहिली. पुढं घोडीवर मामा, मागं चालत नवरदेव, आणि लगाम धरून शर्ट घातलेल्या आत्या. हळदीच्या दिवसांत गिरणीत हळकुंडं दळली जायची, त्यामुळं बेगमची आयाळ पिवळी व्हायची. लोक म्हणायचे, नवरदेवाच्या आधी हिलाच हळद लागली.

मी दवाखान्यातून आले की आधी बेगमकडं जायचे. ती तेव्हा बादलीत तोंड घालून असायची. बादलीत कोंडा. गव्हाचा, ओला करून, वर मिठाचा खडा.

उन्हाळ्यात शेवयांसाठी बाया गहू ओलवून आणतात आणि रवा काढून नेतात. मोठ्या चाळणीवरचा कोंडा बहुतेक जणी तिथंच सोडून जातात. आत्या तो एक कणही वाया जाऊ देत नसत. सगळा बेगमला. वसमतच्या मोठ्या गिरणीतूनही पोती यायची. त्यामागं एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदा ओट्यावर बसल्या बसल्या सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या. घरात धान्य नव्हतं. त्यांची आई कुठून तरी कोंडा आणायची आणि त्याचे मुटके उकडून लेकरांना द्यायची. "लोक म्हणतात ना, कोंड्याचा मांडा? आमच्या मायनं केला. त्याच्यावर आमी पाच भावंडं जगलो." म्हणून घोडीला कोंडा देणं म्हणजे त्यांच्या लेखी उरलंसुरलं देणं नव्हतं. घरात होतं त्यातलं सगळ्यात खात्रीचं देणं होतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी बेगम लंगडायला लागली. पुढचा उजवा पाय. मी बघितलं, खुरात काही नव्हतं, सूज नव्हती. दुखणं कमी व्हायचं औषध दिलं, दोन दिवसांत ठीक झाली. आठवड्यानं मागचा डावा. मग पुन्हा पुढचा, पण यावेळी दुसरा. वळताना ती आखडून वळायची, जणू पायाखाली काचा आहेत. रात्री झोपायला आडवी होईना. उभ्या उभ्या डुलकी घ्यायची.

आत्यांना मात्र तिची तब्येत सुधारलीय असं वाटत होतं. "तोंडावर तेज आलंय बघा. गाल भरलेत तिचे."

गाल खरंच भरले होते. मी तिच्या डोळ्याखालून नाकाकडं हात फिरवला. तिथं घोड्याला हाडाची एक कड असते, बोटाला टोचेल अशी. ती कड सापडेना. दोन्ही बाजूंनी हाड फुगून गोल झालं होतं. मांसाचा लवलेश नाही, सगळं हाड, आणि तेही बोटाखाली जरा दबणारं. टिचकी मारली तर पोकळ आवाज यायला हवा, तो मंद आला. दाढ हलवून बघितली तर हलली. गव्हाणीत चघळून टाकलेले कडब्याचे बोळे पडलेले होते.

मी परभणीला माझ्या सरांना फोन लावला. सर घोड्यांवरच शिकवायचे आणि फोनवर कधी नमस्कार म्हणत नसत.

"खाते काय?" त्यांनी विचारलं.

"कडबा, थोडा हरभरा, आणि कोंडा."

"कोंडा किती?"

"सर, घरात गिरणी आहे."

सर फोनवर हसले. मग गंभीर झाले. "फार जुना आजार आहे. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांनाच व्हायचा. आता घोडे गेले, गिरण्या राहिल्या, म्हणून कुणी बघत नाही. नुसत्या रक्तावर जाऊ नकोस. रक्तातलं कॅल्शियम तुला फसवेल, ते जवळपास नीटच दिसेल. रक्त आणि लघवी एकाच वेळेला घे. लघवीतून फॉस्फरस किती जातोय ते बघ."

रक्त घेणं सोपं होतं. दुसऱ्याचं काय करायचं हे मी आत्यांना सांगितलं.

"मूत?"

"हो."

"तिचं?"

"हो आत्या."

"तिला सांगू कसं?"

तीही अडचण होतीच. अर्धी सकाळ आम्ही दोघी तिच्या मागं फिरत होतो. मी काठीला बांधलेला प्लास्टिकचा मगा घेऊन, आत्या शीळ घालत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की शीळ घातली की घोडी मुतते. आत्यांना शीळ येत नव्हती, नुसती हवा यायची. दळणाला आलेल्या बाया डबे खाली ठेवून कुंपणाशी उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "आत्या, पाणी सोडा नळाचं, आवाज ऐकून करती." नळाला पाणी नव्हतं. शेवटी मला कॉलेजातली गोष्ट आठवली: नवं गवत अंथरलं की घोड्याला मोकळं व्हावंसं वाटतं. आत्यांनी शेजाऱ्याच्या गंजीवरून कोरडं गवत ओढून आणलं, लिंबाखाली पसरलं. बेगम त्यावर गेली, मागचे पाय फाकवले, आणि मी मगा पुढं केला.

आत्यांनी तो उन्हात धरून बघितला. लघवी नितळ होती, पाण्यासारखी. "बघा," त्या अभिमानानं म्हणाल्या, "काचेवानी हाये. आत काही खराबी न्हाई."

मला तिथंच कळलं होतं. घोड्याची लघवी गढूळ असते, चुन्याचं पाणी ढवळल्यासारखी. त्याच्या शरीराला नको असलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, तिकडून जातो. ती एवढी नितळ झाली याचा अर्थ शरीर चुन्याचा कणही सोडायला तयार नव्हतं. पण मी काही बोलले नाही. आकडे येऊ द्यावेत म्हटलं.

वसमतला माणसांच्या रक्ताची तपासणी करणारा एक मुलगा होता. त्याला मी नमुने दिले, काय काय बघायचं ते सांगितलं आणि नाव सांगितलं बेगम. घाईत एवढंच. रात्री त्याचा फोन. आवाज घाबरलेला.

"मॅडम, ह्या बेगम कोण आहेत? तुमच्या नात्यातल्या?"

"का?"

"आमच्या मशीनवर हाडांचा एक आकडा असा आलाय की... त्यांना नांदेडला न्या. लगेच. चालतात तरी का त्या?"

"चालतात. लंगडतात. चार पाय आहेत त्यांना."

मग तो म्हणाला, "आधी सांगायचं ना मॅडम. मी आमच्या डॉक्टरांना पण उठवून बसवलं."

आकडे सरांना वाचून दाखवले. रक्तातलं कॅल्शियम सांगितल्याप्रमाणं जवळपास ठीक, लघवीतून फॉस्फरस मात्र धो धो चाललेला. सर म्हणाले, "आता शंका नको. जाऊन सांग बाईंना."

हेच अवघड होतं. आत्या ओट्यावर बसून हरभरे निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगायला लागले. मानेत छोट्या छोट्या गाठी असतात, पॅराथायरॉईड त्यांचं नाव. रक्तात चुना किती आहे यावर त्यांचं लक्ष असतं. कोंड्यात फॉस्फरस फार आणि चुना नाहीच. तो फॉस्फरस होता तो चुनाही अडवून धरतो. मग रक्तात चुना कमी पडायला लागला की ह्या गाठी घाबरून हाडांतून चुना ओढतात. रक्त ठीक राहतं, हाडं पोकळ होतात. जिथून चुना गेला तिथं नुसतं दोऱ्यादोऱ्यांचं भरण येतं, म्हणून गाल फुगतात.

आत्यांचा हात हरभऱ्यांत थांबला. "म्हंजे चारचौघांत सगळं बराबर दिसावं म्हणून ती घराचे पत्रे विकून बाजार करून राहिली."

याच्यापेक्षा चांगलं मला कुठल्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि हे सगळं कोंड्यानं."

"हो, आत्या."

त्या उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता खोली सोडावी लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तेव्हा त्या अंगणात आल्या आणि बेगमच्या गळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आमी दुष्काळात कोंड्यानं वाचलो," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "ही भरल्या घरात कोंड्यानं झिजून राहिली. असं कसं, डाक्टर?"

"तुम्हाला माणसाचं पोट आहे, आत्या. तिला घोड्याचं."

त्यांनी थोडा विचार केला. "मला परवाच काहून न्हाई सांगितलं? तुमच्या तोंडावर दिसत व्हतं, मगा धरला तवा."

"खात्री नव्हती."

"बराबर केलं," त्या म्हणाल्या. "खात्री नसताना सांगितलं असतं तर मी तुमाला हाकलून दिलं असतं." आणि मग, "पोरी, बरी होईल का ती?"

मी खरं तेच सांगितलं. चालणं सुधारेल, वेळ लागेल. तोंडाचं हाड पुन्हा पूर्वीसारखं होईलच असं नाही. कोंडा पूर्ण बंद. हिरवा लसूणघास, कडबा, आणि रोज खाण्यात चुनखडीची भुकटी. पुढचे कित्येक महिने ओझं नाही, वरात नाही, मऊ जमिनीवर हळूहळू फिरायचं.

चूक झाली असं आत्या तोंडानं कधीच म्हणाल्या नाहीत. गावात त्या सांगत, "डाक्टरणीनं घोडीला डायट लावलाय." पण दुसऱ्याच दिवशी कोंड्याची सगळी पोती गावातल्या गायवाल्यांना वाटून टाकली. परसात हळदीचे वाफे होते, ते अर्ध्यावर उपटून तिथं लसूणघास पेरला. कुरुंद्यात उभी हळद उपटणं ही साधी गोष्ट नाही. लोक बघायला आले. आत्या म्हणाल्या, "हळद तुमी लावा. मला गवत लागतं."

चुनखडी बेगमला अजिबात आवडली नाही. हरभऱ्यात मिसळली तर ती बादलीत जोरात श्वास सोडायची आणि सगळी भुकटी बाहेर उडवायची. आत्यांच्या तोंडावर उडायची. तिथं आधीच पीठ असल्यानं फारसा फरक पडत नसे. "मत कर माँ, दवाई है," त्या विनवायच्या. शेवटी गुळाच्या पाण्यात कालवून गोळे केले, तेव्हा ती खायला लागली. रोज सकाळी आत्या आधी बेगमचे गोळे वळायच्या, मग गिरणीचा पट्टा चढवायच्या.

सगळ्यात मोठी अडचण आली ती उन्हाळ्यात. शेवयांचे दिवस सुरू झाले आणि रव्याची चाळणी हलायला लागली. बेगमला त्या आवाजाची ओळख होती. चाळणी सुरू झाली की ती दावं ताणून गिरणीकडं तोंड करून ओरडायची, इतकी की ऐकवेना. आत्यांनी पहिल्या दिवशी कसंबसं सहन केलं. दुसऱ्या दिवशी चाळणी बंद केली आणि दारात उभ्या राहून सांगितलं, "यंदा रवा निघणार न्हाई."

बाया चिडल्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कुणाच्या घरी लग्न, कुणाची लेक बाळंत व्हायची. त्यातली एक, आत्यांच्या चुलतभावाची सून, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्या, घोडीसाठी आमी शेवया करू नये?"

"एक साल शेवया न्हाई खाल्ल्या तर मरतंय का कुणी?"

"आन् तुमची गिरणी? आमी वसमतला गेलो तर?"

"जा."

त्या गेल्याही. तीन-चार दिवस गिरणीत फक्त ज्वारीची दळणं येत होती. आत्या निवांत होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. मला वाईट वाटत होतं, कारण हे सगळं माझ्या एका वाक्यानं सुरू झालं होतं. मग एके सकाळी तीच सून ओलवलेल्या गव्हाची घमेली घेऊन चार जणींबरोबर आली. तिच्याकडं तोडगा होता. सगळ्यांचा रवा पहाटे एकदमच काढायचा. त्या वेळी बेगमला दुसरं कुणीतरी ओढ्याकडं फिरवायला न्यायचं, नाहीतरी डॉक्टरांनी फिरवायला सांगितलंच होतं. आणि कोंडा एक कणही मागं सोडायचा नाही. "आमी पदराखाली झाकून नेऊ. वास बी येणार न्हाई तिला."

आत्यांनी तिच्या कपाळाकडं नेहमीसारखं निरखून बघितलं. "चल," म्हणाल्या. "तुझं पहिलं टाक."

त्यामुळं त्या उन्हाळ्यात पहाटे मी घोडी घेऊन ओढ्याकडं जायचे आणि परत येताना वाटेत बाया भेटायच्या, पदराखाली गाठोडं धरून, बेगमला वळसा घालून, रस्त्याच्या अगदी कडेनं चालणाऱ्या. बघणाऱ्याला वाटलं असतं काहीतरी चोरून नेतायत.

आता माझी बदली औंढ्याला झालीय. आत्या फोन करतात, पण स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. घोड्यांबद्दल सांगतात. मेंढरं घेऊन धनगर वसमत रस्त्यानं जातात, त्यांच्याबरोबर सामान वाहणारी तट्टं असतात. आत्या त्यांना थांबवून प्रत्येक तट्टाच्या गालावरून हात फिरवतात. कड बोटाला टोचली की "जा" म्हणतात. ज्यांची टोचत नाही त्यांना माझा नंबर देतात. असे दोन फोन मला खरोखर आलेत. एकाच्या तट्टाला नुसतं दाढेचं गळू होतं. ते मी फोडलं. तो माणूस म्हणाला, "आत्यांनी सांगितलंय, मूत बी आणा म्हणून." आणि त्यानं पिशवीतून बाटली काढली.

पण आत्या म्हटलं की मला आठवतो तो त्या उन्हाळ्यानंतरच्या दसऱ्याच्या आसपासचा एक दिवस. सकाळची वेळ, गिरणीपुढं डब्यांची रांग. मी दवाखान्यात जायला निघाले होते. तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला, "डाक्टर, पडली. बेगम पडली."

मी पळत गेले. लिंबाखाली बेगम जमिनीवर होती. आत्या तिच्याजवळ जाऊ की नको अशा थांबल्या होत्या, दोन्ही हात पुढं करून. कित्येक महिने ती घोडी आडवी झाली नव्हती. आडवं झालं तर उठता येणार नाही, हे तिच्या दुखऱ्या हाडांना माहीत होतं. मी जवळ गेले आणि थांबले. बेगमनं मान मातीत घासली, अंग वळवलं, आणि चारी पाय वर करून पाठीवर लोळली. एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या. धूळ उडाली. मग पुढचे पाय टेकून, एका दमात, कुठंही न आखडता उभी राहिली आणि अंग झाडलं. आणि पुन्हा खाली बसली, पुन्हा लोळायला.

"दुखत न्हाई का तिला?" आत्यांनी हळूच विचारलं.

"दुखत असतं तर लोळली नसती."

आत्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं. पहिल्यांदाच मला त्यांच्या भुवया दिसल्या. अजून काळ्या होत्या. मग त्या तिथंच, लिंबाच्या बुंध्याशी, जमिनीवर बसल्या.

गिरणीच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "आत्या, दळण टाकायचं का न्हाई? उशीर व्हायलाय."

"थांबा जरा," आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बेगम लोळून राहिली."

मग एकेक जण डबा खाली ठेवून अंगणात आला.